लाटेकमध्ये प्रबंध : वाचकांच्या शंका

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रं लाटेकमध्ये, म्हणजे मजकुरात आज्ञा लिहून पानं मांडणाऱ्या प्रणालीत, प्रबंध बसवणाऱ्यांची आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. आज्ञा, पर्याय आणि पॅकेजांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत लिहावीत आणि आज्ञेच्या आधी बॅकस्लॅश द्यावा.

प्रश्न : दोन प्रकरणं वर्डमध्ये लिहून झाली आहेत. प्रबंध सादर करायला सहा महिने आहेत. आता लाटेककडे वळावं का?

प्रबंधात काय आहे त्यावर हे ठरतं. समीकरणं भरपूर, संदर्भ शंभराच्या वर, आकृत्या-तक्ते चाळीस-पन्नास असतील तर खुशाल वळा. सुरुवातीचे काही आठवडे कटकटीचे जातील, पण पुढे एक आकृती मध्ये घातली म्हणून पुढच्या सगळ्यांचे क्रमांक हाताने बदलत बसावं लागणार नाही. नुसतं गद्य, मोजके तक्ते आणि दर आठवड्याला वर्डचीच फाइल मागणारे मार्गदर्शक असतील, तर वर्डमध्येच शीर्षकांच्या शैली नीट लावून घ्या. आणि महिनाच उरला असेल, तर हा विषय डोक्यातून काढून टाका.

झालेली प्रकरणं पॅनडॉक या मोफत प्रोग्रॅमने लाटेकमध्ये आणता येतात. मजकूर, शीर्षकं, तळटिपा आणि वर्डच्याच समीकरण-संपादकात लिहिलेली समीकरणं बऱ्यापैकी येतात. चित्र म्हणून चिकटवलेली समीकरणं चित्रच राहतात. ‘आकृती ३.४ पाहा’ असे उल्लेख आणि कंसातले संदर्भ बहुधा साधा मजकूर होऊन येतात, ते एकेक करून पुन्हा जोडावे लागतात. तक्ते मात्र नव्याने केलेलेच बरे. रूपांतरित तक्ता दुरुस्त करायला नवा करण्यापेक्षा जास्त वेळ जातो.

प्रश्न : सगळा प्रबंध एकाच फाइलमध्ये आहे. दर वेळी कंपाइल व्हायला, म्हणजे पीडीएफ तयार व्हायला, फार वेळ लागतो.

प्रकरणागणिक वेगळी फाइल करा आणि मुख्य फाइलमध्ये त्या ‘इन्क्लूड’ने बोलवा. मग प्रीॲम्बलमध्ये (मुख्य फाइलच्या मजकुराआधीच्या भागात) ‘इन्क्लूडओन्ली’ देऊन त्यात फक्त हातातल्या प्रकरणाचं नाव लिहा. बाकीची प्रकरणं छापली जात नाहीत, पण त्यांच्या ऑक्स फाइली (क्रमांकांची नोंद ठेवणाऱ्या) वाचल्या जातात, त्यामुळे पृष्ठक्रमांक आणि परस्पर-संदर्भ आधीच्या खेपेप्रमाणे टिकून राहतात. ‘इनपुट’ने हे जमत नाही, ती फक्त मजकूर आणून ओतते. ‘इन्क्लूड’च्या दोन मर्यादा ध्यानात असू द्या : ती दर वेळी नवं पान सुरू करते, आणि एका ‘इन्क्लूड’ केलेल्या फाइलमध्ये दुसरी ‘इन्क्लूड’ चालत नाही. प्रकरणातले मोठे तक्ते वेगळ्या फाइलीत ठेवायचे असतील तर तिथे ‘इनपुट’ वापरा.

तरीही वेळ लागत असेल तर दोष बहुधा आकृत्यांचा असतो. लाखभर बिंदूंचा आलेख व्हेक्टर (रेघा-आकारांच्या रूपातल्या) पीडीएफमध्ये साठवला, तर प्रत्येक बिंदू वेगळा काढला जातो. अशा आलेखातले बिंदू तेवढे रास्टर (पिक्सेलचं चित्र) करा, अक्ष आणि अक्षरं व्हेक्टर राहू द्या.

प्रश्न : समास डावीकडे ३८ मिमी आणि बाकी तिन्ही बाजूंना २५ मिमी, ओळींमधलं अंतर दीडपट, असा विद्यापीठाचा नियम आहे. तसंच दिलं, तरी कार्यालयाने पट्टी लावून प्रत परत केली. चूक कुठे असेल?

चार जागा तपासा.

पहिली, डॉक्युमेंट क्लास, म्हणजे पानांची मूळ मांडणी ठरवणारा साचा. ‘बुक’ हा क्लास आपणहून दुतर्फा छपाई गृहीत धरतो. समास ठरवणाऱ्या ‘जिओमेट्री’ पॅकेजला ‘लेफ्ट’ म्हणून दिलेला समास दुतर्फा मांडणीत आतल्या बाजूचा समास होतो, म्हणजे सम पानांवर ३८ मिमी उजवीकडे जातात. प्रत कागदाच्या एकाच बाजूला छापणार असाल तर त्या पानांवर बांधणीकडे २५ मिमीच उरतात आणि पट्टी नेमकी तिथे अडकते. क्लासच्या पर्यायांत ‘वनसाइड’ लिहिलं की हा प्रश्न मिटतो. ‘रिपोर्ट’ क्लास मुळातच एकतर्फी असतो. खरोखरच दुतर्फा छापणार असाल तर ‘लेफ्ट-राइट’ऐवजी ‘इनर-आउटर’ असं लिहा, म्हणजे महिन्याभराने फाइल उघडल्यावर आपलं आपल्याला कळेल.

दुसरी, शीर्षपट्टी. जिओमेट्रीला दिलेला वरचा समास मजकुराच्या चौकटीपर्यंतचा असतो. पानाच्या माथ्यावरचं प्रकरणाचं नाव त्या समासातच बसतं, आणि तळाचा पृष्ठक्रमांक खालच्या समासात. कार्यालय कागदाच्या कडेपासून पहिल्या छापील अक्षरापर्यंत मोजत असेल, तर ‘इन्क्लूडहेडफूट’ हा पर्याय द्या. १२ पॉइंटमध्ये शीर्षपट्टी सजवणारं ‘फॅन्सीएचडीआर’ पॅकेज वापरताना ‘हेडहाइट’ १२ पॉइंट आहे, ती निदान १४.५ करा अशी सूचना येते. ती जिओमेट्रीच्याच पर्यायांत ‘हेडहाइट’ १४.५ पॉइंट लिहून मिटवा, बाहेरून नको.

तिसरी, प्रिंटर. छपाईच्या चौकटीत ‘पानात बसवा’ हा पर्याय निवडलेला असेल तर अख्खं पान थोडं आक्रसतं आणि सगळे समास बदलतात. ‘मूळ आकार’ किंवा शंभर टक्के निवडा. खात्री करायची सोपी रीत अशी : एका पानावर ‘रूल’ आज्ञेने १०० मिमी लांब आणि १ पॉइंट जाड रेघ काढा, ते पान छापा आणि पट्टीने मोजा. रेघ ९६ मिमी भरली तर लाटेकमध्ये शोधण्यासारखं काही नाही. कागद ए-फोर आणि फाइल लेटर आकाराची असली तरी असाच घोळ होतो, म्हणून क्लासच्या पर्यायांत ‘ए-फोर-पेपर’ लिहायला विसरू नका.

चौथी जागा ओळींमधल्या अंतराची, आणि वाद बहुतेक वेळा इथेच होतो. १२ पॉइंटच्या क्लासमध्ये एका ओळीच्या पायापासून पुढच्या ओळीच्या पायापर्यंत मूळचंच अंतर १४.५ पॉइंट असतं. ‘सेटस्पेस’ पॅकेजची ‘वनहाफस्पेसिंग’ आज्ञा त्याला १.२४१ ने गुणते, म्हणजे १८ पॉइंट, म्हणजेच अक्षराच्या आकाराच्या दीडपट. हे छपाईच्या हिशेबाने बरोबर आहे. पण वर्डमधलं ‘१.५’ टाइम्स न्यू रोमनच्या स्वतःच्या ओळ-उंचीवर चालतं : १२ पॉइंटला ती सुमारे १३.८, तिची दीडपट २०.७. तपासणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वर्डची पानं असतील तर तुमची पानं त्याला दाटच वाटणार. अशा वेळी हुज्जत न घालता ‘सेटस्ट्रेच’ला १.४३ द्या, १४.५ गुणिले १.४३ म्हणजे २०.७. ‘लाइनस्प्रेड’ला सरळ १.५ देण्याचा सल्ला बरेच जण देतात. त्याने अंतर २१.७५ पॉइंट होतं, शिवाय तळटिपा आणि आकृतीखालच्या ओळीही फाकतात. सेटस्पेस त्या एकेरी अंतरावरच ठेवतं, आणि बहुतेक नियमावल्यांना तेच हवं असतं.

प्रश्न : आकृत्या जिथे टाकल्या तिथे येत नाहीत. सगळ्या प्रकरणाच्या शेवटी गोळा होतात.

सगळ्या नव्हे, पहिली एक अडते आणि तिच्यामागे बाकीच्या रांगेत उभ्या राहतात. आकृत्यांचा क्रम लाटेक कधीच मोडत नाही, त्यामुळे आकृती ४.२ ला जागा मिळेपर्यंत ४.३ पुढे सरकत नाही. मग प्रकरण संपताना पान बदलायची वेळ येते आणि साठलेलं सगळं एकदम बाहेर पडतं. तेव्हा आधी शोधायची ती रांगेतली पहिली आकृती.

ती का अडली असेल? लाटेकचे मूळ नियम असे : पानाच्या वरच्या भागात आकृत्यांनी मजकुराच्या उंचीच्या ७० टक्क्यांपर्यंत जागा घ्यावी, खालच्या भागात ३० टक्क्यांपर्यंत, आणि पानावर निदान २० टक्के मजकूर असावा. फक्त आकृत्यांचं पान करायचं तर ते निदान निम्मं भरलेलं असावं. ए-फोरवर वर-खाली २५ मिमी सोडले तर मजकुराची उंची २४७ मिमी उरते, तिचे ७० टक्के सुमारे १७३ मिमी. तुमची आकृती तिच्या खालच्या ओळीसकट १८० मिमी उंच असेल आणि जागेच्या पर्यायांत फक्त ‘एच’ आणि ‘टी’ (पानाचा माथा) दिले असतील, तर ती पानाच्या माथ्यावर बसत नाही. ‘एच’ म्हणजे जिथल्या तिथे, पण त्यासाठी चालू पानावर तेवढी जागा उरलेली असावी लागते, आणि एवढ्या उंच आकृतीला ती क्वचितच मिळते. नुसता ‘एच’ दिला तरी लाटेक त्याचा ‘एच-टी’ करून टाकतं आणि तशी सूचना लॉगमध्ये (कंपाइलच्या नोंदींच्या फाइलीत) लिहितं. ‘पी’ म्हणजे आकृत्यांचं वेगळं पान. ती परवानगीच दिलेली नाही, मग बिचारी जाणार कुठे?

उपाय साधा आहे. मोठ्या आकृतीला ‘पी’, बाकीच्यांना ‘एच-टी-बी-पी’ चारही (‘बी’ म्हणजे पानाचा तळ). थोडक्यात अडणारी असेल तर पुढे उद्गारचिन्ह द्या, त्याने वरच्या टक्केवारीच्या अटी तेवढ्या आकृतीपुरत्या बाजूला ठेवल्या जातात. ‘प्लेसइन्स’ पॅकेजची ‘फ्लोटबॅरियर’ आज्ञा दिली की तिच्या आधीच्या आकृत्या ती रेषा ओलांडत नाहीत. पॅकेजला ‘सेक्शन’ पर्याय दिला तर प्रत्येक उपविभागाआधी ही रेषा आपोआप पडते. ‘फ्लोट’ पॅकेजचा मोठा ‘एच’ आकृती आहे तिथेच खिळवतो. तो शेवटच्या आठवड्यात, एखाददुसऱ्या आकृतीसाठी ठीक. सुरुवातीपासून सगळीकडे वापरला तर अर्धी पानं रिकामी राहतात, आणि वर एक परिच्छेद वाढला की त्या रिकाम्या जागा पुन्हा हलतात.

लिहिताना ‘खालील आकृतीत’ असं लिहू नका, क्रमांकाने उल्लेख करा. मग ती पुढच्या पानावर गेली तरी काही बिघडत नाही. मजकूर पुरा होईपर्यंत आकृत्यांच्या जागांकडे बघूसुद्धा नये, असं आमचं मत आहे.

प्रश्न : क्रमांकाच्या जागी दोन प्रश्नचिन्हं दिसतात. काही ठिकाणी क्रमांक येतो, पण चुकीचा.

प्रश्नचिन्हं परवडली, ती दिसतात तरी. एकदाच कंपाइल केलं असेल तर पुन्हा करा : पहिल्या खेपेत लेबलं ऑक्स फाइलमध्ये लिहिली जातात, दुसऱ्या खेपेत वाचली जातात. तरी राहिली तर लेबलाच्या नावात टंकनाची चूक आहे. लॉगमध्ये ‘अनडिफाइन्ड’ शोधा, नाव सापडेल.

चुकीचा क्रमांक येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे ‘लेबल’ ‘कॅप्शन’च्या (आकृतीखालच्या ओळीच्या) आधी लिहिलेलं असणं. आकृतीला क्रमांक मिळतो तो कॅप्शनमुळे. लेबल त्याआधी आलं तर ते सर्वांत अलीकडचा क्रमांक उचलतं, आणि तो उपविभागाचा असतो. मग ‘आकृती ३.२’ छापलं जातं, लॉगमध्ये इशारा येत नाही, आणि ३.२ नावाची आकृती खरोखरच असते, फक्त ती दुसरीच. लेबल नेहमी कॅप्शनच्या नंतर द्यावं.

प्रश्न : संदर्भसूचीत लेखकांची नावं विस्कटतात आणि शीर्षकातल्या संक्षेपांची मोठी अक्षरं लहान होतात. कधीकधी तर सूचीच येत नाही.

सूची येण्यासाठी क्रम असा : लाटेक, मग बायबर (संदर्भांच्या ‘बिबलाटेक’ पॅकेजचा जोडीदार प्रोग्रॅम), मग दोनदा लाटेक. जुन्या पद्धतीत बायबरच्या जागी बिबटेक. हे हाताने करत बसण्यापेक्षा ‘लाटेकएमके’ वापरा, किती खेपा लागतील ते तोच ठरवतो. मजकुरात क्रमांकाऐवजी ठळक अक्षरांत नोंदीची कळच (तिला दिलेलं खुणेचं नाव) दिसत असेल, तर बिबलाटेकला ती नोंद मिळालेली नाही. बिबलाटेक आणि बायबर यांच्या आवृत्त्या एकमेकींना जुळाव्या लागतात. एकच अद्ययावत केलं तर दुसरं काम नाकारतं, म्हणून शेवटच्या दोन महिन्यांत टेक लाइव्हला (लाटेकच्या प्रोग्रॅम-पॅकेजांच्या संचाला) हात लावू नका.

नावं विस्कटतात ती स्वल्पविरामांमुळे. दोन लेखकांच्या मध्ये ‘अँड’ हा शब्दच हवा, लेखक दहा असले तरी प्रत्येक जोडीमध्ये. स्वल्पविराम आडनाव आणि नाव वेगळं करण्यासाठी आहे. लेखकाच्या जागी संस्था असेल तर तिचं नाव दुहेरी महिरपी कंसात घाला, नाहीतर शेवटचा शब्द आडनाव समजून पुढे आणला जातो. शीर्षक काही शैली वाक्यासारख्या लहान अक्षरांत लिहितात. जो संक्षेप किंवा विशेषनाम जपायचं आहे तेवढ्यालाच महिरपी कंस घाला. अख्ख्या शीर्षकाला घातला तर शैलीचं कामच बंद पडतं. इंटरनेटवरून उतरवलेल्या नोंदी तशाच वापरू नका. एकच लेख दोन कळांनी दोनदा आलेला असणं, खंड क्रमांक गायब असणं, परिषदेतला निबंध नियतकालिकातला लेख म्हणून नोंदलेला असणं, हे सगळं त्यांत सर्रास सापडतं.

प्रश्न : ऋणनिर्देश आणि सारांश यांना रोमन पृष्ठक्रमांक हवेत, पहिल्या प्रकरणापासून १. अनुक्रमणिकेत संदर्भसूची येत नाही.

‘बुक’ क्लासमध्ये ‘फ्रंटमॅटर’ आणि ‘मेनमॅटर’ या दोन आज्ञा हेच करतात. फ्रंटमॅटरमध्ये साधी ‘चॅप्टर’ आज्ञा दिली तरी प्रकरण क्रमांक पडत नाही आणि नाव अनुक्रमणिकेत येतं. ‘रिपोर्ट’मध्ये या आज्ञा नाहीत, तिथे ‘पेजनंबरिंग’ वापरा, पण आधी ‘क्लिअरपेज’ देऊन. ही आज्ञा लगेच लागू होते, त्यामुळे क्रम उलटा झाला तर आधीच्या शेवटच्या पानावर नवा क्रमांक पडतो. शीर्षकपृष्ठ मोजायचं पण त्यावर क्रमांक छापायचा नाही, असा नियम असेल तर एकतर्फी मांडणीत ‘टायटलपेज’नंतर मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते, ‘सेटकाउंटर’ने पेज २ करून द्या.

संदर्भसूचीसाठी बिबलाटेकमध्ये ‘प्रिंटबिब्लिओग्राफी’ला ‘हेडिंग’ या पर्यायात ‘बिबइनटॉक’ द्या. तारांकित (बिनक्रमांकाचं) प्रकरण हाताने अनुक्रमणिकेत घालत असाल, तर ‘ॲडकंटेंट्सलाइन’ त्या शीर्षकाच्या नंतर लिहा. आधी लिहिली तर पृष्ठक्रमांक मागच्या पानाचा येऊ शकतो, आणि ‘हायपररेफ’ पॅकेजने पीडीएफमध्ये घातलेला दुवाही मागच्याच विभागाला जाऊन चिकटतो.

प्रश्न : प्रबंध मराठीत आहे. जोडाक्षरं सुटी पडतात, काही जागी चौकोन येतात.

पीडीएफलाटेक, म्हणजे लाटेकचं नेहमीचं इंजिन, सोडा. झीलाटेक किंवा लुआलाटेक घ्या, सोबत फॉन्टसाठी ‘फॉन्टस्पेक’ आणि भाषेसाठी ‘पॉलिग्लॉसिया’ ही पॅकेजं. फॉन्ट देताना ‘स्क्रिप्ट’ देवनागरी आहे हे सांगावंच लागतं. ते राहिलं की क्त, त्र यांचे हलंत पाय मोडलेले तुकडे होतात आणि ‘कि’मधली वेलांटी क-च्या पुढे जाऊन बसते. लुआलाटेकमध्ये याखेरीज ‘रेंडरर’ म्हणून जोडाक्षरं जुळवणारं हार्फबझ द्या. ‘लँग्वेज’ मराठी दिली तर नोटोसारख्या फॉन्टांत ल आणि श मराठी वळणाचे येतात.

चौकोन म्हणजे ते अक्षर त्या फॉन्टमध्ये नाही. लॉगमध्ये ‘मिसिंग कॅरेक्टर’ अशी ओळ असते, पण ती चूक मानली जात नाही आणि कंपाइल सुरळीत पार पडतं. ‘ट्रेसिंगलॉस्टचार्स’ ही आज्ञा ३ वर ठेवा; नव्या आवृत्त्यांत मग अशा जागी सरळ एरर येते. मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल तर आधी तो युनिकोडमध्ये बदलून, वाचून घ्या. रफार आणि ऋकार तिथे हमखास बिघडतात. देवनागरी फॉन्टांना तिरका ठसा सहसा नसतोच, तेव्हा ग्रंथनामांसाठी अवतरणचिन्हं किंवा ठळक ठसा असं आधीच ठरवून टाका. अकारविल्हे संदर्भसूची बायबरकडून करून घ्या, ‘सॉर्टलोकेल’ मराठीचं देऊन. बिबटेकला युनिकोडचा क्रम लावता येत नाही.

प्रश्न : मार्गदर्शक म्हणतात, ‘काय बदललं ते दाखवा.’

‘लाटेकडिफ’. जुनी आणि नवी फाइल दिली की काढलेला मजकूर लाल खोडरेघेने आणि घातलेला निळ्या अधोरेखेने दाखवणारी तिसरी फाइल मिळते. प्रकरणं वेगळ्या फाइलींत असतील तर ‘फ्लॅटन’ पर्याय द्या. तक्त्यांच्या आतल्या बदलांवर तो अडखळतो. ही तुलना करण्यासाठी प्रत्येक खेपेला दिलेली प्रत तारखेच्या नावाने जपून ठेवायला हवी; बदलांचा इतिहास ठेवणारं गिट वापरत असाल तर उत्तमच.

प्रश्न : अंतिम पीडीएफ ‘फॉन्ट अंतर्भूत नाहीत’ म्हणून संकेतस्थळाने नाकारली.

‘पीडीएफफॉन्ट्स’ हा छोटा प्रोग्रॅम त्या फाइलवर चालवा. यादीत ‘ईएमबी’ या रकान्यात जिथे ‘नो’ असेल तो फॉन्ट गुन्हेगार. लाटेकचे स्वतःचे फॉन्ट अंतर्भूतच असतात. बाहेरचे येतात ते दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये काढलेल्या आकृत्यांतून. आकृती पुन्हा निर्यात करताना फॉन्ट अंतर्भूत करा. ‘टाइप ३’ फॉन्टवर आक्षेप असेल आणि आलेख मॅटप्लॉटलिबचे (पायथनमधल्या आलेख-साधनाचे) असतील, तर त्यात ‘पीडीएफ डॉट फॉन्टटाइप’ ४२ करून आलेख पुन्हा काढा.

फोटो धूसर म्हणून परत आला असेल तर हिशेब असा : मजकुराची रुंदी १४७ मिमी, म्हणजे ५.७९ इंच, ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) पूर्ण रुंदीच्या चित्रासाठी निदान १७४० पिक्सेल हवेत. ८०० पिक्सेलचं चित्र संगणकावर ताणून १७४० केलं तर त्यात नवा तपशील येत नाही, मूळ फोटोच शोधावा लागेल. आलेख आणि रेखाकृती मात्र व्हेक्टर पीडीएफमध्येच ठेवा, जेपेगमध्ये रेघांच्या कडेने करडे ठिपके उमटतात.